मंगळवारची गाडी

कपडे शिवणाऱ्या माणसाने मोटार घेऊ नये असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण दोनच माणसं मावतील अशी, डोक्यावर पत्रा नसलेली, जमिनीला पोट घासत चालणारी, पन्नास वर्षांपूर्वीची लाल स्पोर्ट्स कार त्याने घेऊ नये, एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून टेलरमास्तरांनी ती घेतली आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

मास्तरांचं दुकान चौकातल्या इमारतीच्या तळमजल्यावर आणि बिऱ्हाड त्याच इमारतीत वर. हात असा, की त्यांनी शिवलेला कोट घातला की वाकडा माणूससुद्धा सरळ दिसे. दोष एकच. मास्तरांना तारीख कळत नसे. वार कळे, आणि तोही एकच. गिऱ्हाईकाने "मास्तर, कधी मिळेल?" असं विचारलं की ते टेप गळ्यात टाकत, खडू कानावर ठेवत आणि शांतपणे म्हणत, "मंगळवारी या." कुठल्या मंगळवारी, हे ते सांगत नसत आणि विचारायची कुणाची छाती होत नसे. दुकानाच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते त्यावरच्या धबधब्यासाठी. साल केव्हाच उलटून गेलं होतं. धबधबा अजून नीट वाहत होता, म्हणून ते उतरवलं नव्हतं.

जाणत्या गिऱ्हाइकांनी यावर आपापला तोडगा काढला होता. ज्याची मुलाखत महिनाअखेर असे, तो ती पंधरा तारखेला आहे म्हणून सांगे. मास्तरांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण खोटं बोलायची पाळी आलेल्या माणसांची त्यांना कीव येई आणि ते दुर्लक्ष करत.

अशा माणसाची बायको नेमकी पोस्टात होती. पार्सलच्या खिडकीवर तेहतीस वर्षं. रोज सकाळी पावणेनऊला टेबलाशी बसायचं आणि सगळ्यात आधी चिमट्याने शिक्क्यातली तारीख बदलायची. अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणे. तेहतीस वर्षांत वहिनींच्या हातून चुकीच्या तारखेचा शिक्का एकदाही पडला नव्हता. या दोघांचा संसार चालतो कसा, हे शेजाऱ्यांना कोडंच होतं. कुणी विचारलं तर वहिनी म्हणत, "एका घराला दोन घड्याळं कशाला हवीत? एक बंद असलं तरी भागतं."

गाडी मूळची दातांच्या डॉक्टरांची. तिचं कापडी छप्पर फाटलं, तेव्हा ते मोजमापासाठी गाडी घेऊन मास्तरांकडे आले. मास्तरांनी आधी आढेवेढे घेतले. मग गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिच्या गोल खांद्यांवरून हात फिरवला, आणि पाघळले. एवढा सुंदर खांदा चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचा पाहिला नव्हता. त्यांनी टेप काढला, माप वहीत लिहिलं आणि सांगितलं, "मंगळवारी या."

डॉक्टर आठ महिने मंगळवारी येत राहिले. आधी हसत, मग न हसता. नवव्या महिन्यात छप्पर तयार झालं, पण काय झालं! करड्या रंगाचं, बारीक रेघांचं, उत्तम सुटाचं कापड, आतून रेशमी अस्तर, बेचाळीस बटणं, हाताने केलेली बेचाळीस काजं, डावीकडे आतला खिसा. शिवणीत चहूकडून दोन-दोन इंच माया सोडलेली, का, तर पुढेमागे गाडीने अंग धरलं तर उसवून सैल करता यावं.

डॉक्टर बराच वेळ खिशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मी आता मुलाकडे राहायला चाललो. ही तुम्हीच ठेवा. काय द्यायचं ते द्या."

"मी? मी काय करू हिचं?"

"काही करू नका. तीच करेल." डॉक्टरांनी किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली आणि त्यांची मूठ स्वतःच्या हाताने मिटली. "तुम्ही मला आठ महिने मंगळवारी बोलावलंत. आता ही तुम्हाला बोलावेल."

दात काढताना डॉक्टर जसे गोड बोलत, त्याच आवाजात ते हे बोलले. मास्तरांच्या ते लक्षात यायला हवं होतं. पण लक्ष त्या लाल खांद्यांकडे होतं.

गाडी दुकानासमोर ढकलत आणली तेव्हा अख्खी इमारत गोळा झाली. सर्वात पुढे नाना. नाना बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झाले होते आणि जगातल्या कुठल्याही यंत्रावर त्यांचं मत तयार असे. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "वजन साडेसातशे किलो. पोटाखालून दोन पट्टे घातले तर अलगद उचलली जाईल."

"उचलायची नाहीये, नाना. चालवायची आहे."

"चालवायचं माझ्याकडे नव्हतं," नाना म्हणाले. "पण उचलायची वेळ येईल, तेव्हा हाक मारा."

मास्तर गाडीत बसले. बसले म्हणजे, एक पाय आत टाकला आणि बाकीचे मास्तर त्या पायामागोमाग खाली गेले. सीट इतकी खाली होती, की बाहेरच्यांना त्यांच्या डोक्यावरचं टक्कल तेवढं दिसत होतं. आत गेल्यावर त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, इथून जगाचा फक्त कमरेचा भाग दिसतो. दोन, गुडघ्यांनी उठायला साफ नकार दिला आहे. नानांनी काखेत हात घालून, "जरा डावीकडे, हं, सावकाश, वर," असं स्वतःलाच सांगत त्यांना बाहेर काढलं.

तेवढ्यात वहिनी पोस्टातून आल्या. हातात पर्स, खांद्यावर डब्याची पिशवी.

"ही कुणाची?"

"आपली," मास्तर कपडे झटकत म्हणाले.

"दोघांचीच?"

"दोघांचीच मावते."

वहिनींनी दाराची कड बोटाने पुसून बघितली, आत वाकून दुसऱ्या सीटकडे पाहिलं. मास्तरांना वाटलं, आता कडाडणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "अडीच महिन्यांनी माझी नोकरी संपते. तेहतीस वर्षं मी पोस्टासमोरच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी राहिले. शेवटच्या दिवशी पाच वाजता मी बाहेर येईन, तेव्हा ही गाडी फाटकाशी उभी असेल, तर ठेवा खुशाल. नसेल, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. त्याला मीच निरोप देईन. तो दिलेल्या वेळेला येतो."

"शेवटचा दिवस कुठला?"

वहिनींनी क्षणभर जिन्याकडे पाहिलं. "महिनाअखेरचा मंगळवार," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

मंगळवार! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर ज्याची सेवा केली तोच वार मदतीला आला होता.

गाडी सुरू होत नव्हती, एवढी एक बारीक अडचण होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे बोल्ट म्हणत. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, हनुवटी खाजवली आणि कार्बोरेटर काढून फडक्यावर ठेवला.

"कधी होईल?" मास्तरांनी विचारलं.

बोल्टने पाना कानामागे अडकवायचा प्रयत्न केला. तो राहिना, म्हणून खिशात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "मंगळवारी या."

मास्तरांनी आपल्या कानावरचा खडू काढून खिशात टाकला.

पहिल्या मंगळवारी सामान आलं नव्हतं. दुसऱ्या मंगळवारी आलं होतं, पण दुसऱ्याच गाडीचं. तिसऱ्या मंगळवारी बरोबर आलं होतं, पण ज्या कपाटात ठेवलं त्याची किल्ली घेऊन बोल्टचा मेहुणा गावी गेला होता. चौथ्या मंगळवारी बोल्ट एका टेम्पोखाली होता. त्याचे नुसते पाय दिसत होते, आणि पायांनी काही उत्तर दिलं नाही. मास्तर या कलेतले जुने जाणकार. गिऱ्हाईक दिसलं की ते स्वतः पडद्यामागे जात आणि पडद्याखालून त्यांचेही असेच पाय दिसत. त्यामुळे रागावण्याआधी त्यांना क्षणभर कौतुकच वाटलं.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. गाडी नावावर करून घ्यायला मास्तर वाहन कार्यालयात गेले. खिडकीमागे कारकून बसला होता. त्याने गाडीचं पुस्तक उघडलं, मग काचेतून अंगणात ढकलत आणलेल्या गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा पुस्तकात.

"पुस्तकात छप्पर काळं आहे. हे काय आहे?"

"करडं. बारीक रेघांचं. सुटाचं कापड आहे, साहेब. हात लावून बघा."

"मोटारीला सूट शिवलाय?"

"अस्तरासकट," मास्तरांना राहवलं नाही. "आणि डावीकडे आतला खिसा."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "छपराचा रंग बदलला तर वेगळा अर्ज. कापड बदललं तर त्याला जोडपत्र. खिशाचा रकाना आमच्या कुठल्याच नमुन्यात नाही. वर विचारावं लागेल."

"मग कधी येऊ?"

"मंगळवारी या."

मास्तरांनी खिडकीची कड धरली. तेव्हा कारकून सावकाश उभा राहिला, टेबलाला वळसा घालून बाहेर आला आणि मास्तरांसमोर थांबला. त्याची पॅंट घोट्याच्या चार बोटं वर होती आणि गुडघ्यावर काचेसारखी पारदर्शक झाली होती.

"ओळखलंत?" कारकून म्हणाला. "नसेल ओळखलं. माझी नवी पॅंट तुमच्याकडे आहे. मुलगा झाला तेव्हा कापड दिलं होतं. आता तो शाळेत जातो."

घरी येताना मास्तर गॅरेजवरून आले. बोल्ट या वेळी टेम्पोच्या बाहेर होता. मास्तरांनी पहिल्यांदाच त्याच्या अंगाकडे नीट पाहिलं. अंगातली डांगरी एका बाजूने काखेपासून कमरेपर्यंत उसवलेली आणि तारेने बांधलेली होती.

"बोल्ट," मास्तर घसा साफ करत म्हणाले, "तुझी नवी डांगरी माझ्याकडे..."

"तीन वर्षं," बोल्ट म्हणाला. "पण मी कधी काही बोललो का, मास्तर? म्हटलं, येईल कधीतरी मंगळवार."

मास्तर दुकानात गेले. आतून कडी लावली आणि मागच्या फळीवरची गाठोडी खाली काढायला लागले. किती होती, हे इथे लिहीत नाही. माणसाची लाज ठेवावी. गावातली अर्धी लोकं ज्या कपड्यांची वाट बघत होती ती सगळी तिथे घड्या करून ठेवलेली होती. काही गाठोड्यांवर धुळीने दुसरं अस्तर लावलं होतं.

आता महिनाअखेरला तीन आठवडे उरले होते. मास्तर सकाळी मशिनवर बसले की दिवेलागणीला उठत. बॉबिन संपत होत्या, खडू झिजत होते. आणि शिवून झालेला प्रत्येक कपडा, इस्त्री करून, कागदात गुंडाळून, मास्तर स्वतः नेऊन देऊ लागले. कारण विश्वास ठेवून दुकानात यायला कुणी तयार नव्हतं.

इथेच सगळं बिघडलं. मास्तर कपडे नेऊन देताहेत, हे बघून गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

शाळेतल्या गणिताच्या सरांनी दार उघडलं, हातात स्वतःचा कोट पाहिला आणि त्यांचा आवाज भरून आला. "मास्तर, हे काय! अहो, असं काय वय झालंय तुमचं!"

"वयाचं काय? कोट घालून बघा."

"घालतो, घालतो. तुम्ही आधी बसा. पाणी घ्या. घरी माहीत आहे ना सगळ्यांना?"

किराणावाल्याने शर्ट छातीशी धरला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात फळांची टोपली पाठवली. बँकेच्या मॅनेजरांनी आपल्या ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. एक आजी तर परकर-पोलकी घेऊन मास्तरांच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "शेवटी शब्द पाळलास हो, बाळा." मास्तर चौसष्टचे होते. मास्तरांनी परोपरीने सांगितलं, की माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त मोटार सुरू करायची आहे. लोक मान हलवत आणि एकमेकांकडे बघत. मोटारीपर्यंत गेलं म्हणजे डोक्यातच गेलेलं दिसतं, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

नाना एका सकाळी हळूच येऊन बसले. "मास्तर, आपण शेजारी. मला खरं सांगा. चार मजले आहेत, जिना अरुंद. मला आधी कळलं तर मी व्यवस्था बघून ठेवतो."

"कसली व्यवस्था?"

"खाली आणायची."

मास्तरांनी त्यांना हातातली इस्त्री दाखवली, तेव्हा नाना गेले.

बाकीची गाठोडी संपली, फळीवर एकच राहिलं. निळं जाड कापड, पॅंटीचं. पावती उंदरांनी खाल्लेली. कमर चौतीस, एवढं वहीत सापडलं, नाव नाही. मास्तरांनी ते तसंच ठेवलं.

पण कारकुनाला त्याची पॅंट मिळाली आणि वरून उत्तर आलं, की खिसा ही गाडीची खासगी बाब आहे. डांगरी मिळाली आणि बोल्टचा मेहुणा किल्ली घेऊन गावाहून परतला. महिनाअखेरच्या मंगळवारी दुपारी चार वाजता बोल्ट नव्या डांगरीत, गाडी चालवत, दुकानासमोर येऊन उभा राहिला. इंजिन असं वाजत होतं, की शंभर शिलाई मशिनं एकदम जाड कॅनव्हासवर चालावीत.

"बंद करू नका," बोल्ट म्हणाला. "सुरू आहे तोवर सुरू आहे. आणि रिव्हर्स विसरा. रिव्हर्स मंगळ..." त्याने जीभ चावली. "रिव्हर्स नाहीच आहे."

पोस्ट तीन किलोमीटरवर. मास्तरांनी सगळ्यात चांगला कोट घातला, गळ्यात सवयीने टेप टाकला, आणि साडेचारला निघाले. नाना शेजारून चालत सूचना देत होते, "उजवीकडून मोकळं आहे, येऊ द्या, येऊ द्या!" आणि बराच वेळ गाडीच्या पुढे होते. मग उतार लागला आणि नाना मागे पडले.

वेग घेतल्यावर मास्तरांना पहिल्यांदा सुख वाटलं. ते साधारण दीड मिनिट टिकलं. मग वाऱ्याने टेपचं एक टोक उडालं आणि त्याचे गिअरच्या दांड्याला दोन वेढे बसले. आता गिअर बदलायचा म्हणजे मास्तरांना मान झुकवावी लागत होती. दुसरा गिअर टाकला की ते डावीकडच्या लोकांना नमस्कार केल्यासारखे वाकत. लोकही उलट नमस्कार करत, आणि काही म्हणत, "बघा, जायच्या आधी सगळ्यांना भेटून चाललेत."

डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजे आणि चाक सरळ केल्याशिवाय थांबत नसे. मास्तरांनी म्हणून फक्त उजवीकडे वळायचं ठरवलं. त्यामुळे भाजी मंडई त्यांना दोनदा लागली. दुसऱ्यांदा एका भाजीवालीने टोकलं, "काय मास्तर, कुणाचं माप घेताय, रस्त्याचं?"

मोठ्या चौकात वाहतूक पोलीस उभा होता. मास्तरांना थांबायची सोय नव्हती. कारण थांबलं तर इंजिन बंद पडणार. पण या पोलिसाचं जॅकेट त्यांनी आदल्याच दिवशी पोचवलं होतं. घाईत एक बाही चांगली चार बोटं लांब झाली होती. पोलिसाने मास्तरांना ओळखलं, ताडकन तोच हात आडवा केला. बाही बोटांच्या पुढे लोंबली, आणि चारी बाजूंची वाहनं थबकली. एवढा ठाम हात त्या चौकात पूर्वी कुणी पाहिला नव्हता. मास्तर मान वाकवून, तिसऱ्या गिअरमध्ये, तोऱ्यात निघून गेले.

पोस्टाच्या फाटकाशी गाडी उभी राहिली तेव्हा समोरच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. मास्तरांनी घड्याळ दोनदा वाचलं. डोळे भरून आले. चौसष्ट वर्षांत ते पहिल्यांदाच कुठेतरी वेळेआधी पोचले होते. आनंदाच्या भरात त्यांचा पाय क्लचवरून सुटला, गाडीने एक उचकी दिली आणि इंजिन बंद पडलं. पडेना का! पोचलो तर आहे.

खिडकीशी एक कंबर येऊन थांबली. अडतीस, पट्टा ढिला.

"मास्तर तुम्ही?" कंबर म्हणाली. तो पोस्टाचा वॉचमन होता. "आज कसे काय?"

"आज कसे काय म्हणजे? निरोप समारंभ ना!"

"तो उद्या, बुधवारी. महिना उद्या संपतो, मास्तर. एकतीस उद्या."

मास्तरांना उठून उभं राहून जाब विचारायचा होता, पण गुडघे ऐकत नव्हते. रागावलेला माणूस जमिनीपासून एका वितीच्या उंचीवर बसलेला असला, की त्याच्या रागाला काही वजन राहत नाही. "तिला बोलवा," एवढंच ते म्हणाले.

वहिनी शिक्का हातात घेऊनच धावत आल्या. गाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, पुन्हा गाडी पाहिली.

"अहो! तुम्ही खरंच आलात?"

"पाचला दहा कमी असताना आलो," मास्तर समोरच्या काचेतून नजर न हटवता म्हणाले. "मंगळवारी. तू सांगितलेल्या मंगळवारी."

वहिनी खाली उकिडव्या बसल्या, म्हणजे दोघांची तोंडं एका पातळीवर आली. "मी एक दिवस आधीचं सांगितलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मला? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाइकांना पंधरा-पंधरा दिवस धरावे लागतात. तुमच्यासाठी मी एकच धरला."

हा अपमान आहे की कौतुक, याचा मास्तर विचार करत राहिले.

"तेहतीस वर्षांत मी एकदाच चुकीची तारीख दिली," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही एकदाच बरोबर तारखेला आलात. आता काय म्हणायचं याला!" आणि त्या हसायला लागल्या. उकिडव्या बसल्या जागी त्यांचा तोल गेला, इतक्या हसल्या. मग त्यांनी मास्तरांच्या खिशातलं पावतीपुस्तक काढलं, कोऱ्या पावतीवर हातातला शिक्का दाबून मारला. तीस तारीख, लख्ख. "ठेवा. नाहीतर उद्या कुणाला पटायचं नाही. तुम्हालाही."

सरकारी शिक्क्याचा हा गैरवापर होता, आणि तो त्यांनी उघड्यावर, वॉचमनच्या देखत केला. मास्तरांनी पावती छपराच्या आतल्या खिशात ठेवली. खिसा कशाला, असं विचारणाऱ्या सगळ्यांची त्यांना आठवण झाली.

गाडी मात्र काही केल्या सुरू झाली नाही. शेवटी मास्तरांना वॉचमनने बाहेर ओढलं, बेचाळीस बटणं लावून छप्पर चढवलं, आणि मास्तर-वहिनी बसनेच घरी गेले. कंडक्टर सबंध रस्ताभर मास्तरांकडे रोखून बघत होता. हा माणूस कुठेतरी पाहिलाय, असं मास्तरांना वाटलं. निदान कमरेने तरी ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खऱ्या दिवशी, पाच वाजता पोस्टाचं दार उघडलं. भाषणं झाली होती. पोस्टमास्तर, दोन कारकून, तीन पोस्टमन बाहेर आले आणि मध्ये वहिनी, हातात फुलं. फाटकाशी लाल गाडी उभी होती. छप्पर उघडलेलं, काचा पुसलेल्या, आत मास्तर टक्कल चमकवत बसलेले.

"वा!" पोस्टमास्तर म्हणाले. "म्हणजे तुमचे मिस्टर वेळेवर आले!"

"वेळेवर कुठले," वहिनी दार उघडत म्हणाल्या. "कालच येऊन थांबलेत."

त्या आत बसल्या. पर्स मांडीवर, फुलं पायाशी. इकडे तिकडे पाहिलं, आणि मागे रेलल्या. मास्तरांनी किल्ली फिरवली. गाडीतून एक बारीक 'टक' असा आवाज आला, बटण तुटल्यासारखा. पुन्हा फिरवली. तोही नाही.

"ढकलावी लागेल," बोल्टने सकाळी येऊन सांगून ठेवलं होतं. "दहा-बारा माणसं असली तर होईल." पोस्टमास्तरांनी कोट काढला. पण एका कारकुनाची कंबर धरलेली, एका पोस्टमनचा पाय मुरगळलेला, आणि साडेसातशे किलो जागचे हलेनात. मास्तरांचे कान तापले. समोरच्या स्टॉपवर माणसं वळून बघत होती. पाच वीसची बस येऊन उभी राहिली, आणि बसभर माणसं खिडक्यांतून बघायला लागली.

"वहिनी!" कंडक्टर दारातून ओरडला. "आज नाही का यायचं?"

"नाही रे," वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आज आमची गाडी आहे."

कंडक्टरने गाडीकडे पाहिलं. मग आत वळून म्हणाला, "चला, उतरा सगळे. तेहतीस वर्षांची सवारी आहे आपली."

बस रिकामी झाली. कोट, शर्ट, जॅकेटं, नव्या पॅंटी गाडीमागे जमल्या. जवळजवळ सगळे मास्तरांच्याच हातचे कपडे होते. गणिताच्या सरांनी जोर लावला, तेव्हा त्यांच्या नव्या कोटाची पाठीवरची शिवण फाटल्याचा आवाज आला, पण ते थांबले नाहीत. गाडी हलली, घरंगळली, वेग घेतला. मास्तरांनी मान वाकवून गिअर टाकला, कंडक्टरने बसच्या दारातून सवयीने दोनदा घंटी वाजवली, आणि त्या घंटीसरशी इंजिन धडधडत सुरू झालं. मास्तर पुढे सांगत, की ती घंटीमुळेच झाली. बोल्टला हे पटलं नाही, पण बोल्ट तिथे नव्हता.

मागून कंडक्टर धावत येत होता. कंबर चौतीस, मास्तरांनी आरशात ओळखली.

"मास्तर!" तो ओरडला. "माझी निळी पॅंट! कधी मिळेल?"

मास्तरांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी वहिनींनी मागे वळून, एका हाताने केस सावरत, दुसऱ्या हाताने त्याला निरोप देत, मोठ्याने सांगून टाकलं,

"मंगळवारी मिळेल! पण तू यांना रविवारच सांग!"